‘आर’ अक्षरावरची लाल टिकली

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंचा फोन आला. "माझ्या वहीत ७३ बंदिशी आहेत आणि माझं वय ७१ आहे. आता हे सगळं रेकॉर्ड करून ठेवायला हवं. तू ये एकदा."

ताई सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि गेली जवळपास पन्नास वर्षं गाणं शिकवतात. वहीत बंदिशीचे शब्द आहेत, स्वरलिपी आहे. पण मुखडा कुठून उचलायचा, समेवर यायच्या आधी श्वास कुठे घ्यायचा, एखादा कोमल धैवत किती हलवायचा, हे लिपीत उतरत नाही. शिष्यांसाठी नेमकं तेच त्यांना ठेवायचं होतं. तेही घरी, आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यावर, पहाटे. स्टुडिओत जायची त्यांची तयारी नव्हती आणि मला ते पटलं. स्टुडिओ तासावर मिळतो, आणि ताईंचा आवाज मोकळा व्हायलाच पाऊण तास लागतो.

बजेट ५०,००० रुपये होतं. घरात २०१८ सालचा विंडोजचा लॅपटॉप होता, ८ जीबी रॅमचा. शिवाय सल्ले होते. एका दुकानातून मिक्सर, दोन मॉनिटर स्पीकर आणि भिंतीला चिकटवायचा फोम असं मिळून लाखाच्या वरचं कोटेशन आलं होतं. परदेशातल्या भाच्याचं म्हणणं, आधी नवा मॅक घे, बाकी मग बघू. आणि टाळेबंदीत ऑनलाइन शिकवण्यांसाठी घेतलेला एक यूएसबी माइक कपाटात पडून होता.

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल मला पहिला प्रश्न नेहमी "कोणता माइक घेऊ?" हाच येतो. या घरात तो बराच उशिरा आला. म्हणूनच पैसे पुरले, असं माझं मत आहे. पहिला प्रश्न मी ताईंना विचारला तो असा: बटण कोण दाबणार?

"मीच. साडेपाचला कोण येणार माझ्याकडे?"

पुढचे सगळे निर्णय या उत्तरावर झाले. मी कोथरूडला राहतो. दोनचार वेळा पहाटे जाणं जमेल, ७३ वेळा नाही. सामान कितीही उत्तम असलं आणि ते चालवायला मी लागत असलो, तर काम पाचव्या बंदिशीवर थांबणार होतं.

तंबोरा कुठे गेला?

जुन्या यूएसबी माइकवरचं एक रेकॉर्डिंग ताईंनी ऐकवलं. गाणं ऐकू येत होतं, पण तंबोरा मध्येच विरघळायचा, मध्येच बुडबुड्यांसारखा वर यायचा. ताईंना वाटत होतं, जवारी (घोडीची घडण, जिच्यामुळे तार घुमते) बिघडली. जवारी ठणठणीत होती. बोलण्यासाठी बनवलेल्या ॲपमध्ये, आणि कधी कधी लॅपटॉपच्या सेटिंगमध्येही, गोंगाट कमी करणारी सोय आपोआप चालू असते. जो आवाज न थांबता एकसारखा येतो तो पंख्याचा किंवा एसीचा, असं समजून ती काढून टाकते. तंबोराही न थांबता एकसारखा वाजतो. ती सोय बंद केल्यावर तंबोरा परत आला.

या माइकवरच काम चाललं असतं का? एका माइकपुरतं कदाचित चाललं असतं. पण काही बंदिशी तबल्यासह घ्यायच्या होत्या. दोन यूएसबी माइक एकाच संगणकाला लावले की दोघांची घड्याळं वेगळी असतात, आणि लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये आवाज एकमेकांपासून हळूहळू सरकत जातात. एकाच घड्याळावर दोन माइक चालवायचे तर मध्ये ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकाला देणारं छोटं यंत्र, लागतं. म्हणून दोन माइक इनपुटचा इंटरफेस घ्यायचं ठरलं. चार किंवा आठ इनपुटची या घरात गरज नव्हती.

नवा लॅपटॉपही नाकारला. संगणकावर खरा ताण येतो तो सॉफ्टवेअरमधली वाद्यं आणि एकावर एक रचलेले इफेक्ट्स चालवताना. एक किंवा दोन माइकचा आवाज डिस्कवर लिहिणं हे काम आठ-दहा वर्षं जुना लॅपटॉपही निमूटपणे करतो. हिशेब सोपा आहे: ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं, म्हणजे सॅम्पल), २४ बिट (प्रत्येक मोजमापाची बारकाई), एक ट्रॅक म्हणजे मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी, तासाला अर्धा जीबी.

मागची खोली

पुढची खोली रस्त्यावर आहे, ती बाद. मागची दहा बाय अकरा फुटांची. तिची खिडकी आतल्या चौकात उघडते. खोलीत गाद्यांची चळत, पुस्तकांची मांडणी आणि एक लोखंडी कपाट. मध्ये उभं राहून टाळी वाजवली तर उघड्या समोरासमोरच्या भिंतींमधून झिणझिण ऐकू यायची. ताईंनी तार षड्ज लावला तर कपाटाचं दार त्यांच्याबरोबर गायचं.

फोम मी घेऊ दिला नाही. आवाजाच्या लहरीच्या साधारण पाव लांबीइतकी जाडी असेल तेव्हाच असा थर ती लहर नीट शोषतो. एक इंची फोमला हे जमतं साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर. गाण्याचा गाभा त्याच्या कितीतरी खाली असतो. पातळ फोमने खोली नुसती मंद आणि कोंदट होते, घुमणं तसंच राहतं. त्याऐवजी दोन जाड गोधड्या दोरीवर दुहेरी टाकल्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. हे अंतर महत्त्वाचं आहे, त्यामुळे तोच कपडा आणखी खालचे स्वर शोषतो. आणि गोधड्या टांगल्या त्या ताईंच्या पाठीमागे. बरेच जण माइकच्या मागे टांगतात. पण एका बाजूने ऐकणारा माइक गायकाकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याला स्पष्ट दिसते ती गायकाच्या पाठीमागची भिंत. कपाटाच्या दाराच्या फटीत सतरंजीची घडी खोचली, वर दोन भरलेल्या बॅगा ठेवल्या. ते गप्प झालं.

मग वेळ. पंखा बंदच ठेवावा लागणार, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पहाट हाच पर्याय. सोसायटीचा पाण्याचा पंप सव्वासहाला सुरू होतो. त्याआधी दूधवाला येतो, पण तो एकदाच घंटी वाजवतो. कोकिळेला मात्र वेळापत्रक नाही. दोन रेकॉर्डिंगमध्ये ती आहे आणि ताईंनी ती राहू दिली. संध्याकाळचा विचारच सोडला, कारण जून-जुलै लागला की ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि तो गणपतीपर्यंत चालतो. त्यापुढे कुठलीही गोधडी टिकत नाही.

खर्ज हलतोय

या प्रकरणातला सगळ्यात अवघड दिवस म्हणजे सामान आल्यानंतरचा पहिला. सगळं जोडलं, ताईंनी तंबोरा लावला, हेडफोन घातले आणि दोन मिनिटांत काढून ठेवले.

"खर्ज हलतोय."

मला ऐकू आलं नाही. मी तंबोऱ्यापाशी कान नेला, तार स्थिर होती. ताईंनी तारेवरचा मणका (बारीक सूर लावायचा) किंचित सरकवला, परत हेडफोन घातले. "इथे बरोबर आहे रे, पण यातून ऐकलं की हलतोय. कुणीतरी झोका देतंय." मी त्यांचा हात तारेवर थांबवला आणि शांत खोली हेडफोनमधून ऐकली. तेव्हा खाली एक बारीक गुणगुण सापडली.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५० बरोबरच १०० हर्ट्झवरही येते, आणि बहुतेक वेळा तीच जास्त जाणवते. ताईंचा षड्ज काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी), म्हणजे सुमारे २०७.७ हर्ट्झ. तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, त्याच्या निम्म्यावर, १०३.८. जवळजवळ असलेले दोन सूर एकत्र आले की त्यांच्यातल्या फरकाइतके हेलकावे ऐकू येतात. इथे फरक ३.८, म्हणजे सेकंदाला जवळपास चार झोके. ताईंनी जन्मभर तंबोरा लावताना हेच हेलकावे ऐकून ते शून्यावर आणलेले आहेत. मला नुसता गोंगाट म्हणूनही न जाणवलेली गोष्ट त्यांना बेसूर म्हणून ऐकू आली होती. षड्ज काळी एक किंवा दोन असता, तर ही गुणगुण कदाचित कितीतरी दिवस कुणाच्या लक्षात आली नसती.

आता उगम शोधायचा. इंटरफेसच्या धातूच्या पेटीला बोट लावलं की गुणगुण बदलायची. हा अर्थिंगचा इशारा. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि खोली स्वच्छ झाली. जुन्या बोर्डातल्या तीन पिनी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. ताईंच्या नेहमीच्या वायरमनने ती ओढून दिली. ११०० रुपये लागले, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा खर्च तोच. घरात जुनं वायरिंग असेल तर माइक बघायच्या आधी हे तपासून घ्या. रेकॉर्डिंगचा विषय बाजूला ठेवला तरी जिवाच्या सुरक्षेसाठी ते हवंच.

तरीही नियम केला की रेकॉर्डिंग बॅटरीवरच करायचं. इन्व्हर्टरवरही नाही, कारण चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर गुणगुणीत आणखी वरच्या पट्ट्या भरतो. ताईंच्या लॅपटॉपची बॅटरी ५० मिनिटं टिकते. साडेपाच ते सव्वासहा हा वेळ तेवढाच आहे.

माइक

मंचावर सगळीकडे दिसणारा डायनॅमिक माइक, उदाहरणार्थ १९६६ पासून चालत आलेला शुअर एसएम ५८, आधी आणून पाहिला. तोंडाजवळ धरून गाण्यासाठी तो बनलेला आहे. तेवढ्या जवळून आवाज येतो, पण तंबोरा नाहीसा होतो. शिवाय दिशेने ऐकणारा माइक फार जवळ घेतला की खालचे स्वर फुगतात आणि मंद्रातलं काम जड वाटतं. मागे हात-दीड हात नेला तर आवाज इतका क्षीण की इंटरफेसचा गेन (आवाज वाढवायचं बटण) शेवटापर्यंत फिरवावा लागला आणि खरखर वर आली.

कंडेन्सर माइक, उदाहरणार्थ रोडचा एनटी १-ए, त्याच आवाजाला साधारण तेरापट व्होल्टेज देतो. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, ती सोय आता जवळजवळ सगळ्या इंटरफेसवर असते. दुसरा आकडा बघायचा तो माइकच्या स्वतःच्या खरखरीचा. या माइकचा तो ५ डेसिबल आहे. स्वस्त कंडेन्सरमध्ये २० च्या आसपास सर्रास असतो. तोंडाशी धरून बोलणाऱ्याला हा फरक कळणार नाही. पण तंबोरा विरत जातो त्या शांततेत तो कळतो. म्हणून इथे पैसे जास्त घातले आणि इंटरफेस साधा घेतला. माइककडूनच भरपूर सिग्नल येत असेल तर इंटरफेसच्या गेनवर भार पडत नाही, त्यामुळे तिथे वाचवता येतं.

दोन माइकचा प्रयोगही केला, एक गळ्यासाठी आणि एक भोपळ्यासाठी. ताई स्वतःच तंबोरा छेडत गातात, त्यामुळे गळा दोन्ही माइकमध्ये जातो. दुसऱ्यात तो थोडा उशिरा पोचतो. तीस सेंटिमीटरचा फरक असेल तर ५७० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना दाबतो. आवाज पोकळ झाला, डब्यात गायल्यासारखा. एकच माइक, तोंडापासून दीड-दोन फुटांवर, हनुवटीच्या थोडा वर आणि तंबोऱ्याकडे किंचित कलता, यावर आम्ही थांबलो. जमिनीवर त्या जागी रंगीत चिकटपट्टी लावली आहे, स्टँडच्या पायांची आणि आसनाचीही. दुसरं इनपुट तबल्याच्या दिवसांसाठी.

गेन एकदाच लावला. त्यासाठी ताईंना आलाप नाही, तर सगळ्यात जोरकस तार सप्तकातली तान घ्यायला सांगितली, आणि तिचा शिखरबिंदू शून्याच्या (ज्याच्या वर आवाज फाटतो) दहा-बारा डेसिबल खाली राहील इतकं बटण फिरवून त्यावरही पट्टी लावली. २४ बिटमध्ये खाली इतकी जागा असते की मंद्राचं काही हरवत नाही.

हेडफोनमधून स्वतःचा आवाज ऐकताना ताई म्हणाल्या, "मी माझ्याच मागून गातेय." संगणकातून जाऊन परत येणारा आवाज उशिरा पोचतो. संगणक आवाज टप्प्याटप्प्याने हाताळतो: २५६ सॅम्पलचा एक टप्पा ४८ किलोहर्ट्झला ५.३ मिलिसेकंद, आणि तो येताना-जाताना दोन्हीकडे. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला देणारी सोय) चालू केलं, प्रश्न मिटला. नंतर ताईंनी गाताना हेडफोन वापरणंच सोडलं. आता ते नंतर ऐकण्यासाठी आहेत. तंबोरा समोर असताना त्यांची गरजही नव्हती.

सॉफ्टवेअर

बहुतेक म्युझिक सॉफ्टवेअर उघडलं की समोर चौकटी येतात: १२० चा वेग, चार मात्रांचे बार, टिकटिक. विलंबित एकतालाचं एक आवर्तन कधी कधी एक मिनिट चालतं. त्याला या चौकटीत बसवायचा प्रश्नच नाही. आम्हाला लागणार होती फक्त मिनिटं आणि सेकंदांची पट्टी.

गॅरेजबँड विंडोजवर चालत नाही, म्हणून बाद. ऑडासिटी मुक्त-स्रोत, विनाशुल्क आणि शिकायला सोपं आहे. कुणाला एकच माइक आणि साधी काटछाट एवढंच हवं असेल तर मी आजही तेच सुचवतो. इथे निवडलं रीपर. दोन कारणांसाठी. एक, त्याचा चेहरा हवा तेवढा साधा करता येतो. दुसरं, तेवढाच साधा चेहरा रोज पहाटे परत उघडतो. मी एक साचा बनवला: एकच ट्रॅक, रेकॉर्डला सज्ज, इनपुट पहिलं, टिकटिक बंद, चौकटी बंद, मिक्सर लपवलेला, अक्षरं मोठी. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या फाइलच्या नावात तारीख आणि वेळ आपोआप येते, त्यामुळे जुनं पुसून नवं होण्याची भीती नाही.

कळाही बदलल्या. रेकॉर्डिंग एका ‘आर’ अक्षरावर आणलं. स्पेस बार दाबला की थांबतं. खूण करायची असेल तर ‘एम’. ताईंनी आपल्या डबीतली लाल टिकली ‘आर’वर लावली आणि हिरवी स्पेस बारवर.

रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं. आम्ही तेवढे दिवस थांबलो आणि ताईंचा हात बसल्यावरच ६० डॉलरचा वैयक्तिक परवाना घेतला. हा क्रम मला सगळ्यांसाठी योग्य वाटतो.

भाच्याने विचारलं होतं, सूर सुधारणारं प्लगइन टाकायचं का? मी नाही म्हटलं, आणि ठामपणे म्हटलं. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो पेटीच्या (हार्मोनियमच्या) गंधाराच्या सुमारे १४ सेंट (दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १४ शतांश) खाली असतो. ताई त्या गंधाराशी मिळून गातात. पेटीच्या पट्टीवर बेतलेलं प्लगइन त्यांचा बरोबर गंधार उचलून चुकीच्या जागी ठेवेल.

खर्च असा झाला: माइक १५,५००, इंटरफेस ११,४००, बंद कपाचे हेडफोन ५,२००, स्टँड-केबल-पॉप फिल्टर ३,९००, बाहेरची डिस्क ४,७००, परवाना सुमारे ५,२००, वायरमन १,१००. एकूण ४७,०००. स्पीकर घेतले नाहीत. त्या खोलीत ते खरं सांगणार नाहीत. दर रविवारी एक शिष्या फाइली आपल्या डिस्कवर उतरवून घरी नेते, म्हणजे प्रत दोन घरांत राहते. शिष्यांना पाठवताना एमपी३ करून, डॉक्युमेंट म्हणून.

पहिली एकटीची पहाट

मेच्या पहिल्या आठवड्यात ताईंनी मला न कळवता एकटीने रेकॉर्डिंग केलं आणि दुपारी फोन केला. "एक चूक झालीय. लाल टिकली आधी दाबली आणि तंबोरा नंतर लावायला घेतला."

मी संध्याकाळी गेलो, फाइल उघडली. सुरुवातीची सहा मिनिटं गाणं नाही. आधी खुंटी करकरते. मध्यम वर चढतो, जोड जुळते, मग एक हेलकावा, लांब होत जाणारा, आणि शेवटी नाहीसा होणारा. घोडीवरचा दोरा सरकतो आणि तारेचा आवाज अचानक उघडतो. मध्ये ताई स्वतःशीच म्हणतात, "अजून नाही." मग मणका. मग नुसता तंबोरा, बराच वेळ. मग ललत.

"एवढं कापून टाकू का?" मी विचारलं.

त्यांनी हेडफोन घेतले, डोळे मिटून सहाही मिनिटं ऐकली.

"कापू नकोस. मुली आता फोनमधला तंबोरा लावतात. हे त्यांनी कुठे ऐकलंय?"

गणपतीपर्यंत ७३ पैकी ४१ झाल्या. पण फोल्डरमध्ये फाइली ४२ आहेत. पहिलीचं नाव ताईंनी स्वतः टंकलं आहे: ‘०० तंबोरा लावणे’.